गुंठीचा पंचनामा

तात्या रिसबुडांनी आयुष्यात जो शेवटचा पंचनामा केला, त्यावर पंच म्हणून पहिली सही माझी आहे. पंचनामा मांजरीच्या घाणीचा होता. जागा आमची मोरी. वेळ सकाळी साडेसातची, म्हणजे ह्यांचा डबा भरायच्या ऐन घाईची.

"आम्ही खाली सह्या करणार पंच, राहणार नौपाडा, ठाणे, समक्ष जागेवर हजर राहून लिहून देतो की," तात्या खड्या आवाजात वाचत होते आणि मी पदरानं नाक धरून ऐकत होते, "सदर मांजर नामे गुंठी, रंग पांढरा, पाठीवर दोन काळे पट्टे, हिनं सौ. लेले यांच्या भांडी घासण्याच्या राखेच्या पाटीत विधी केला असून त्याची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस मोरीची भिंत. पश्चिमेस तांब्याचा हंडा. दक्षिणेस उंबरा."

"तात्या, आता टाकू का ती राख?"

"थांब सूनबाई. उत्तरेस काय आहे?"

"मी आहे!"

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि शांतपणे लिहिलं, "उत्तरेस सौ. लेले स्वतः उभ्या." मग सही करायला कागद माझ्यापुढे धरला. गुन्हा त्यांच्या मांजरीचा, पाटी माझी, आणि तक्रार मी केलीच नव्हती. माझ्या वतीनं तीही त्यांनीच लिहून आणली होती.

तात्या म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचं बिऱ्हाड. सरकारच्या मोजणी खात्यात ते तीस-बत्तीस वर्षं मोजणीदार होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची भातखाचरं, मिठागरं, बांध त्यांनी साखळी टाकून मोजलेले. दोन भाऊ बांधावर कोयते घेऊन उभे राहिले की तात्या मध्ये आपली साखळी सोडायचे आणि भांडण जागच्या जागी मिटायचं म्हणे. हे सगळं त्यांनीच सांगितलेलं, तेव्हा निम्मं सोडून द्यावं. पेन्शनीत निघाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, मग त्यांनी चाळ मोजायला घेतली. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ दारात उभे राहून म्हणाले, "सूनबाई, तुझा पाटा उत्तरेकडे चार बोटं सरकलाय." मी तोवर पाटा कुठं आहे तेही पाहिलं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. नौपाड्यात भातशेतं चाळीच्या मागच्या कुंपणापर्यंत यायची. बायजाबाईंची ती चार बिऱ्हाडांची बैठी चाळ, वर कौलं, मागे सामाईक पडवी आणि विहीर. तात्या त्या अंगणातून चालायचे तेसुद्धा अडीच फुटांच्या पावलानं, ना इंच जास्त ना इंच कमी. त्यांच्याबरोबर बाजारात गेलं तर बोलता यायचं नाही, कारण ते मनात पावलं मोजत असत, आणि मध्येच आपण काही विचारलं की "तीनशे बारा" असं उत्तर यायचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी जागा पाहू." कुणाच्या घरी साप निघाला, आधी जागा पाहू. कुणाचा जावई रुसला, आधी जागा पाहू. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला डोंबिवलीचं एक स्थळ सांगून आलं, तेव्हा तिच्या वडिलांनी हौसेनं तात्यांना बरोबर नेलं. संध्याकाळी तात्या परत आले ते मुलाच्या घराचा नकाशा काढूनच. त्यात विहीर होती, गोठा होता, शेजाऱ्यानं दाबलेली दीड हात जागा तांबड्या शाईनं दाखवलेली होती. मुलगा कसा आहे विचारलं तर म्हणाले, "असेल घरात. मी बाहेरून मोजत होतो."

तात्यांनी लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर "हद्दी वाढतात" म्हणायचे. त्यांचं घर त्यांची थोरली बहीण चालवायची. आक्का लहानपणीच विधवा झालेल्या. अंगानं एवढ्याशा, बोलायला त्याहून कमी. त्या घरात काही न मोजणारं माणूस तेवढं एकच होतं. मीठ चिमटीनं, तांदूळ मुठीनं, आणि तात्यांची व्याख्यानं एका कानानं. मागच्या पडवीत एका फुटक्या घमेल्यात त्या रोज सकाळी चुलीतली राख टाकायच्या. गुंठी त्यात जायची, उकरायची, झाकायची आणि शहाण्यासारखी बाहेर यायची. चार वर्षं हे असं चाललं होतं, आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

त्या वर्षी कार्तिकात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन आक्का गेल्या.

तेरा दिवस आम्ही शेजारणींनी आळीपाळीनं तात्यांना डबे दिले. चौदाव्या दिवशी ते ओट्यावर आले आणि त्यांनी जाहीर केलं, "डबे बंद. स्वयंपाक म्हणजे आहे काय? माप आहे. तांदळाच्या दुप्पट पाणी." आम्ही बायका एकमेकींकडे बघून हसलो. म्हटलं, हा माणूस चार दिवसांत शरण येईल. पण नाही. दुसऱ्याच दिवसापासून दुपारी बाराच्या सुमाराला त्यांची आकाशवाणी सुरू झाली. "काय सूनबाई, आज आमच्याकडे वालाचं बिरडं." मी थक्क झाले, कारण आमच्याकडेही त्या दिवशी वालाचं बिरडंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मुळ्याची भाजी, आमच्याकडेही मुळा. मी मेथी केली तर त्यांचीही मेथी. आमचे हे म्हणाले, "दोन्ही घरांत एकच पंचांग दिसतंय." पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग राग येऊ लागला. वाटलं, तात्यांना स्वतःचं म्हणून काही सुचतच नाही का? माझ्याशी स्पर्धा लावली आहे म्हाताऱ्यानं! एकदा मुद्दाम चिडवायला विचारलं, "तात्या, मेथीत लसूण किती घातलात?" तर क्षणभर नाक वर करून म्हणाले, "भरपूर." आणि मी खरंच भरपूर घातला होता.

ह्याच दिवसांत त्यांनी गुंठीच्या सोयीकडे लक्ष वळवलं. ते फुटकं घमेलं त्यांना पहिल्यापासून डोळ्यांत सलत होतं. ना धड गोल, ना धड खोल. त्यांनी ते मागच्या कुंपणापलीकडे ठेवून दिलं आणि चहाचं एक खोकं आणून कापून घेतलं. लांबी दीड फूट, रुंदी एक फूट, उंची सहा इंच. आत खाडीवरची वाळू, तीनदा धुतलेली, दोनदा चाळलेली, वरून पट्टीनं सपाट केलेली. इतकी नीटनेटकी वाळू होती की तिच्यात जायला माणसालासुद्धा संकोच वाटला असता. गुंठीनं पेटीला एक फेरी मारली, वास घेतला, एक पंजा वाळूवर टेकवून तो झटकला आणि सरळ माझ्या मोरीत येऊन राखेच्या पाटीत बसली.

तिथून तो पंचनामा. आणि पंचनाम्यामागून चौकशी.

तात्यांचा पहिला सिद्धान्त असा की दोष जागेचा. "आधी जागा पाहू," म्हणत त्यांनी आठवडाभर पेटी फिरवली. दाराशी ठेवली, खिडकीखाली ठेवली, देव्हाऱ्याच्या पाठीमागे ठेवली आणि लगेच कानाला हात लावून उचलली. मांजराला आडोसा लागतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं, तर त्यांनी पेटीभोवती आक्कांचं जुनं धाबळीचं पांघरूण बांधून न्हाणीघर केलं. गुंठी त्या पांघरुणावर मजेत झोपायला लागली. विधीला मात्र ती बाहेरच जायची.

मग दोष स्वच्छतेचा. मांजर मोठं टापटिपीचं जनावर, पेटी अस्वच्छ असली तर जाणार नाही. पेटी तर कोरी होती, तिच्यात कुणी गेलंच नव्हतं, तरी तात्यांनी ती रोज फिनेलनं धुवायला सुरुवात केली. आठ दिवसांत आमच्या सगळ्या बाजूला सरकारी इस्पितळाचा वास सुटला. माझ्या पोळ्यांना फिनेलचा वास येतो असं ह्यांनी मला दोनदा ऐकवलं, आणि गुंठी तर तो कोपरा टाळून लांबचा वळसा घालून जाऊ लागली.

तिसरा सिद्धान्त हद्दीचा. समोरच्या वकिलांचा काळा बोका आपल्या पडवीतून जातो, त्यामुळे गुंठीच्या वहिवाटीला बाध येतो. हा सिद्धान्त तात्यांचा फार आवडता, कारण तो त्यांच्या खात्याचा होता. त्यांनी पेटीभोवती चुन्याची रेघ मारली, चार कोपऱ्यांना चार दगड पुरले आणि दगडांवर गेरूनं आकडे घातले. बोका त्याच संध्याकाळी आला, तीन नंबरच्या दगडावर त्यानं पाय वर केला आणि निघून गेला.

शेवटी दुखणं असेल म्हणून तिला टोपलीत घालून गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जन्मात मांजर तपासलं नव्हतं. सवयीनं त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दूध किती?" तात्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सकाळी पाव शेर, संध्याकाळी अर्धपाव." डॉक्टर चमकले. मग दोघांच्या लक्षात आलं की एक जण देण्याबद्दल विचारतोय आणि दुसरा पिण्याबद्दल सांगतोय. गुंठी ठणठणीत होती. डॉक्टर म्हणाले, "तिच्यापेक्षा तुमचीच तब्येत उतरलीय." तात्यांनी हे मला हसत हसत सांगितलं, आणि मीही हसले.

एक सकाळ तर मी विसरणार नाही. मी विहिरीवरून येत होते. पडवीत हा बासष्ट वर्षांचा माणूस पेटीशी उकिडवा बसला होता आणि दोन बोटांनी वाळू उकरून दाखवत होता. "हे बघ, असं. मग असं झाकायचं. कळलं?" गुंठी समोर पाय दुमडून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर कमालीची सहानुभूती होती.

मोरीची पाटी मी रोज झाकून ठेवायला लागले, तेव्हा गुंठीनं मोर्चा बायजाबाईंकडे वळवला. बायजाबाई चाळीच्या मालकीण. इथल्याच, पिढीजात. सासऱ्यांच्या वेळेला मिठागरावर राबलेलं घर, आता जमिनी होत्या, भाडी येत होती, पण बाई पहाटे उठून स्वतः अंगण झाडायच्या. त्यांच्या दाराबाहेर न्हाणीचं पाणी तापवायचं मोठं चुलाण होतं. सकाळी पाणी तापलं की दुपारपर्यंत चुलाण थंड व्हायचं, आणि दुपारी गुंठी त्यात उतरायची. दुसऱ्या दिवशी बायजाबाई जाळ करायला वाकल्या की चाळीला उठवील असा आवाज यायचा.

बायजाबाईंचा तात्यांवर आधीच राग होता. का ते मला माहीत नव्हतं. एका शनिवारी त्या ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या. "तात्या, लय झालं. सोमवारी माझी बैलगाडी जाते. ह्या मांजरीला गोनत्यात घालून शिळफाट्याच्या पल्याड सोडून देनार. मंग तिथं काय ती मोजनी करा."

तात्या एकदम पांढरे पडले. त्यांना मी कुणाशी हुज्जत घालताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण त्या दिवशी ते नुसते म्हणाले, "सोमवारपर्यंत मुदत द्या. मी कारण शोधून काढतो." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला ते आवडलं नाही. एवढ्याशा मांजरीपायी एवढा मोठा माणूस असा हात जोडल्यासारखा उभा राहतो, हे काही मला कळलं नाही. मी आत जाऊन डाळ टाकली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. ते गुंठीला सांगत होते, "बाई गं, दोन दिवस सांभाळ. तू गेलीस तर मी घरात बोलू कुणाशी?"

रविवारभर त्यांनी नकाशा काढला. सगळी चाळ, सगळी अंगणं, विहीर, कुंपण. जिथं जिथं गुंठीनं विधी केला तिथं तांबडा ठिपका. त्यांचं म्हणणं असं की ठिपके जोडले की आकृती निघेल आणि आकृतीतून कारण.

सोमवारी सकाळी बायजाबाई गोणतं घेऊन आल्या. पेटीतली वाळू जशीच्या तशी सपाट होती आणि चुलाणात रविवारचा पुरावा होता. तात्या एका हातानं गुंठीला छातीशी धरून दारात उभे होते, दुसऱ्या हातात नकाशा. मी मध्यस्थी करायला गेले होते, म्हणजे खरं तर बघायला.

"हे बघा बायजाबाई," तात्या म्हणाले, "एकूण अकरा ठिपके. ते एका रेषेत नाहीत, वर्तुळातही नाहीत. म्हणजे दिशेचा संबंध नाही. मला अजून चार दिवस..."

बायजाबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी नकाशा ओढून घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला. "हा कोनता ठिपका?"

"ते तुमचं चुलाण."

"आनि हा?"

"ती सूनबाईची राखेची पाटी."

"हा पल्याडचा?"

"तिथं कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडाचा उकिरडा. राख टाकतात तो."

बायजाबाईंनी नकाशा त्यांच्या हातात परत दिला. "अवो तात्या, तुमी शिकलेलं मानूस ना? सगलीकडं राखच हाय की. तिला राख पायजे. लहानपनापासून राखंची सवय तिला. तुमी वाळू घालता, वरून ते वासाचं पानी वतता, ती जाईल कशी? घरातली राख घाला, संपला इषय."

इतकं सोपं होतं. अकरा ठिपके तात्यांनी घातले होते, पहिल्या ठिपक्यावर सही मी केली होती, आणि पंचनाम्यात 'राखेच्या पाटीत' हे शब्द धडधडीत लिहिलेले होते. मला हसू फुटलं. मी तात्यांकडे बघितलं, तर ते हसत नव्हते.

"घाला की राख," बायजाबाई म्हणाल्या.

"राख... राख भांड्यांना लागते," तात्या म्हणाले.

"दोन वेला चूल पेटते ना? एका मानसाच्या भांड्यांना किती राख लागते?" आणि मग त्यांच्या मनात दोन महिने साचलेलं एकदम बाहेर आलं. "तुमच्या आक्का होत्या तवा माझ्याकडनं दर आठवड्याला लाकूड जायचं. आता दोन म्हयने झाले, एक ढलपी नाय नेली तुमी. इचारलं तर बोलले, वखारीतून घेतो. माझी लाकडं काय वली हायेत? एवढी वर्सं जाळली ती कोनाची होती?"

वखारीचं लाकूड हातगाडीवरून यायचं. तात्यांच्या दाराशी हातगाडी यायची तर ती माझ्या दारावरून आली असती. मी दिवसभर घरात असायचे. दोन महिन्यांत मी एकही गाडी पाहिली नव्हती.

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी काही न विचारता तात्यांच्या बाजूनं आत शिरले. "सूनबाई, आत नको," असं ते म्हणाले, पण अडवलं नाही.

स्वयंपाकघर लख्ख होतं. डबे रांगेत, भांडी पालथी. चुलीवर एक मोठी परात उपडी घातलेली, परातीच्या कडेला गुंठीनं ओरबाडल्याच्या खुणा, आणि चुलीपासून कोनाड्यापर्यंत कोळ्याचं जाळं. ओट्यावर एका वाटीत भिजवलेले पोहे होते, शेजारी गुळाचा खडा आणि दोन केळी. मी परात थोडी उचलली. खाली राख होती. गार, दबलेली, दोन महिन्यांपूर्वीची.

"तिनं शेवटी मऊ भात केला होता," तात्या मागून म्हणाले. "अंगात ताप, तरी उठली. मला म्हणाली, तू उपाशी राहू नकोस. मग पडली ती पडलीच. चूल पेटवायची म्हणजे आधी आदली राख काढायला हवी ना, सूनबाई. रोज सकाळी बसायचो काढायला. हात होत नव्हता."

माझ्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरामधली भिंत कौलांपर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर फट होती. मी त्या फटीकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. वालाचं बिरडं, मुळा, मेथी, मेथीतला भरपूर लसूण. त्यातला एकही पदार्थ त्यांनी खोटा सांगितला नव्हता. फक्त तो माझ्या चुलीवर शिजत होता, आणि ते इकडे भिजवलेले पोहे खात त्याचा वास घेत होते. आम्ही बायका पुन्हा डबे सुरू करू नयेत, आपल्यासाठी कुणाला तोशीस पडू नये, म्हणून रोज दुपारी ओट्यावर येऊन ते आपल्या जेवणाची दवंडी पिटत होते. आणि मी? मी रागावले होते. मला वाटलं होतं की म्हातारा माझी नक्कल करतोय. त्या क्षणी मला माझी जी लाज वाटली, ती आज सांगतानाही वाटते.

बायजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या हातातलं गोणतं कधी खाली गेलं ते कळलं नाही. त्या कुंपणापलीकडे गेल्या, ते फुटकं घमेलं घेऊन आल्या आणि त्यांनी ते चुलीशी ठेवलं.

"काढू मी?" त्यांनी विचारलं.

"नको. मीच काढतो."

तात्यांनी गुंठीला खाली सोडलं. परात बाजूला केली. मला वाटलं होतं की ते उलथनं घेतील, पण ते दोन्ही हातांनी राख काढायला लागले. ओंजळ ओंजळ करून. शेवटी चुलीच्या कोपऱ्यातली चिमूटभर राहिली तीही त्यांनी बोटानं ओढून घेतली. घमेलं पडवीत नेलं. गुंठी शेपूट ताठ करून मागोमाग गेली, तिनं वास घेतला, आत उतरली आणि उकरायला लागली. आम्ही तिघं मोठी माणसं तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिलो. मांजराचीही काही अब्रू असते. तात्यांच्या खांद्यांची हालचाल होत होती, पण ते रडत होते की हसत होते ते मी वळून पाहिलं नाही.

बायजाबाईंनी घरी जाऊन स्वतः डोक्यावरून लाकडाची मोळी आणली आणि दाणकन अंगणात टाकली. "सुकी हायेत," एवढंच म्हणाल्या.

"तात्या, आज दुपारी आमच्याकडे जेवायला या," मी म्हटलं.

"छे छे. चूल पेटवायला हवी. उद्या हिला राख कुठून आणू?"

आणि खरंच, त्या दुपारी तात्यांनी चूल पेटवली ती मांजरीच्या राखेसाठी. विस्तव आहेच तर फुकट कशाला घालवा, म्हणून त्यावर भात टाकला. भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. तो त्यांनी खाल्ला. पुढे त्यांचा हात बसला. पिठलं बरं करायला लागले, आमटी तर माझ्या आमटीपेक्षा बरी असं आमचे हे म्हणत आणि मी ऐकून घेत असे. पण कुणी स्वयंपाकाचं कौतुक केलं की तात्या झटकून टाकायचे. "स्वयंपाक कसला? राख लागते हो." पाहुणे बुचकळ्यात पडायचे. आम्ही कुणी समजावून सांगितलं नाही.

तेव्हापासून मला एक सवय लागली. सकाळी उठलं की केस बांधायच्या आधी मी मागच्या दाराशी जाऊन त्यांच्या कौलांकडे बघायची. दोन महिने मी बघितलं नव्हतं, त्याची भरपाई म्हणा. सात-सव्वासातला कौलांच्या फटींतून धूर निघायचा. निघाला की मी माझ्या कामाला लागायची. ह्यांनाही मी हे कधी सांगितलं नाही.

गुंठी त्यानंतर पाच वर्षं जगली. एका आश्विनात, कुठलंही दुखणं न काढता, पडवीतल्या उन्हात झोपली ती उठलीच नाही. तात्यांनी तिला कुंपणाशी पुरलं. दगड ठेवला नाही, मोजलं नाही, कागद केला नाही. बायजाबाईंनी विहिरीचं पाणी काढून त्यांच्या हातांवर घातलं. संध्याकाळी ते ओट्यावर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सहालाच मागच्या दाराशी. सात वाजले. सव्वासात झाले. कौलांतून धूर नाही. ह्यांनी चहासाठी दोन हाका मारल्या. मी धुणं वाळत घालायचं निमित्त केलं, दोरीवर ओली लुगडी टाकत उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले की आता राख कुणाला लागते? त्या घरात चूल पेटायला काही कारणच उरलं नाही. साडेसात. मी ठरवलं की आठला सरळ दार वाजवायचं. काय बोलायचं तेही ठरवलं आणि विसरले.

आठला पाच कमी असताना कौलांतून धूर आला. आधी बारीक, मग चांगला दाट. लाकूड ओलं असावं. वारा आमच्याच बाजूचा होता, तो सगळा लोट माझ्या धुतलेल्या लुगड्यांवर येत होता. मला रडू आलं, आणि मी दोरीवरचं एकही लुगडं हलवलं नाही.